पान आणि पाना

मी कविता लिहिणारा माणूस. स्कूटर बंद पडली की किक मारत राहण्यापलीकडे मला काही जमत नाही. अशा माणसाला गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या वर्गावर कुणी बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं.

घाटकोपरच्या असल्फ्याला एक उस्ताद रात्री आठनंतर हा वर्ग घेतात. येणारे सगळे आसपासचे कामकरी. कुणी पंक्चर काढणारा, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी पंचवीस वर्षं इंजिनं उघडणारा. बहुतेकांची शाळा तिसरी-चौथीत सुटलेली. काहींनी ती पाहिलेलीच नाही. हाताला काम येतं, मग वर्ग कशाला? कारण १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, त्याच्या जागी सेन्सर आणि इंजेक्टर आले. चारचाकीत तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावायचा आणि पडद्यावर उमटेल ते वाचायचं. उस्ताद म्हणाले, ‘‘इंजिन मी शिकवतो, अक्षरं तुम्ही शिकवा.’’

पहिल्या दिवशी मी अंकलिपी घेऊन गेलो आणि फळ्यावर मराठी एक काढला. पुढच्या बाकावर जालन्याकडचे एक गृहस्थ बसले होते. वर्गात सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी ठामपणे सांगितलं, ‘‘नऊ.’’ वर्ग हसला. वाईट याचं वाटतं, की मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

माझी अम्मी कुराण वाचायची, पण सरकारी कागद समोर आला की अंगठा पुढे करायची. खिडकीमागचा कारकून हसला की माझं डोकं तापायचं. त्या रात्री घरी जाताना वाटलं, आज आपण त्या खिडकीमागे जाऊन बसलो.

दोन दिवसांनी मेट्रोने साकीनाक्याला उतरलो आणि मामांचं गॅरेज शोधून काढलं. ते एका मोटारसायकलचा प्लग काढत होते. मला बघून ओशाळले, मग प्लग माझ्यासमोर धरला. ‘‘काय दिसतं सर?’’

‘‘काळा आहे.’’

‘‘काजळी धरलीय. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. टोक पांढरं पडलं असतं तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. विटकरी असलं की समजायचं गाडी ठीक.’’

मला प्लग वाचता आला नव्हता. मामा हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला. चहा पिताना मी नऊचा उलगडा विचारला, तेव्हा त्यांनी पान्यांचा डबाच पुढे ओढला. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. सगळे आकडे इंग्रजी. तेराव्या वर्षापासून ते हेच आकडे वाचत आले होते, आणि आपला मराठी एक इंग्रजी नऊसारखाच दिसतो. मामा चुकले नव्हते. त्यांना काय येतं हे न विचारता मी शिकवायला लागलो होतो.

मग ते हळू आवाजात बोलले. गिऱ्हाइकाने कागद दिला की ते सांगतात, चष्मा घरी राहिला. स्कॅनर शेठचा भाचा वाचतो. ‘‘तो पोरगा अजून कामात कच्चा आहे सर. पण उद्या त्याला काम आलं की मला कोण ठेवील?’’

मामा परत आले. अंकलिपी मी कपाटात ठेवली आणि टेबलावर हत्यारं मांडली. आकडे त्यांना येत होते, तिथूनच सुरुवात केली. फळ्यावर ‘पान’ लिहिलं, पुढे एक काना दिला, पाना झाला. काना म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागलं नाही. मग तेल, तार, नळी, चाक. मग सुट्या भागांच्या खोक्यांवरची नावं. इंग्रजी अक्षरं स्कॅनरसाठी लागतील तेवढीच.

एका रात्री उस्तादांनी मिस मारणारी एक गाडी आणली. मामांनी स्कॅनर लावून सावकाश वाचलं : पी, शून्य, तीन, शून्य, एक. शेवटचा एक म्हणजे मिसफायर पहिल्या सिलिंडरमध्ये आहे. पण दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की व्हॉल्व्हचा, हे कोड सांगत नाही. मामा म्हणाले, ‘‘एकची कॉइल दोनवर टाकू. कोड दोनवर गेला तर कॉइल खराब.’’ कॉइल बदलली, कोड पुसला, गाडी चालू केली. थोड्या वेळाने पडद्यावर शेवटी दोन आला. मामांनी तो स्वतः वाचला.

ही वाट नवी नाही. कामगाराला त्याच्या कामाच्या अंगाने शिकवायचं, म्हणून देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ साली याच मुंबईत निघालं. पुढे अशा संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळालं आणि २०१८ मध्ये त्या शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. साक्षरतेचा २०२२ पासूनचा नवभारत कार्यक्रम मात्र शिक्षण खात्याकडे आहे. त्याच्या आराखड्यात व्यवसाय कौशल्यही आहे. तरी मला वाटतं, खाती कितीही असोत, अक्षर शिकवणारा आणि उस्ताद एकाच वर्गात उभे राहायला हवेत. नाहीतर दिवसभर राबलेला माणूस दोन वर्गांना जाणार कधी?

मामा आता गाडीच्या कामाची यादी स्वतः लिहितात. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. पण काय बदललं आणि किती पैसे झाले, ते गिऱ्हाइकाला कळतं. खाली सही असते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी म्हणालं, ‘‘चष्मा विसरलो, जरा वाचून दाखवा,’’ तर न हसता वाचून दाखवा. आणि जमलं तर त्याला विचारा, तुमच्या गाडीचा प्लग काय सांगतोय.