कानामागचे हाड



वर्गात एखाद्या मुलाचे नाक बारमाही वाहते, ओला खोकला तान्हेपणापासून सुटलेला नसतो आणि हाक मारली तर तिसऱ्या हाकेला मान वळते. शाळेत त्यास मंद समजले जाते, घरी हट्टी. बहुधा कारण साधे असते. परंतु क्वचित त्यामागे एक दुर्मीळ आनुवंशिक विकार असतो.

नाक, श्वासनलिका व मध्यकर्ण यांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. शास्त्रीय परिभाषेत तिला पक्ष्माभिका म्हणतात. वाऱ्यावर डुलणाऱ्या भातशेताप्रमाणे ती एका लयीत, सेकंदाला दहाबारा वेळा हलते आणि कफ व धूळ बाहेर लोटते. या विकारात ती जन्मतःच निश्चल असते वा वेडीवाकडी हलते. १९३३ साली झुरिकचे डॉ. कार्टागेनर यांनी जुनाट सायनस, रुंदावलेल्या श्वासनलिका व उलट बाजूस असलेले हृदय यांची सांगड घातली. दोष लवेच्या हालचालीत आहे, हे १९७६ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ अफझेलियस यांनी दाखविले. हृदयादी अवयवांची उलटापालट मात्र निम्म्याच रुग्णांत असते.

कानाचे दुखणे बहुतेकांना असते. निरोगी माणसाच्या कानामागील हाडात मधाच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात. ते बालपणी तयार होतात आणि त्यासाठी मध्यकर्णात हवा खेळती लागते. सी.टी. स्कॅनच्या चित्रात हवा काळी, हाड पांढरे आणि द्रव वा सुजलेले अस्तर करडे दिसते. या रुग्णांच्या चित्रात कप्पे थोडे व लहान असतात, पुष्कळदा हाड भरीव होते आणि मध्यकर्णात करडेपणा भरलेला असतो. भरीव हाड आठवड्यापूर्वीच्या सर्दीने होत नाही; मूल तान्हे असल्यापासून कान तुंबलेला होता, याची ती साक्ष आहे. हाड पोखरणारा कोलेस्टिएटोमा मात्र या रुग्णांत सहसा आढळत नाही.

तथापि इतर जुनाट कर्णविकारांतही चित्र असेच दिसते. म्हणून केवळ त्यावरून निदान होत नाही. त्यासाठी नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायूचे मोजमाप, लवेची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी व जनुकीय तपासणी करतात. लहान मुलास क्ष-किरण विनाकारण देऊ नयेत. प्रथम श्रवणमापन करावे. ते स्वस्त व निर्धोक आहे. दरम्यान मुलास पहिल्या बाकावर बसवावे.

घरातील स्त्रीस दोष देण्याची आपल्याकडील खोड येथेही दिसते. वस्तुतः बहुतेक कुटुंबांत सदोष जनुक आई व वडील दोघांकडूनही येते आणि दोघेही निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांच्या विवाहात असे योग अधिक जुळतात.

पडद्यात बारीक नळी बसविण्याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण या मुलांत नळीनंतर कान दीर्घकाळ वाहू शकतो. श्रवणयंत्र हा दुसरा मार्ग. वय वाढते तसे पुष्कळांचे ऐकणे सुधारते, त्यामुळे ते यंत्र जन्मभर लागेलच असे नाही.