डायलिसिस आणि जगण्याची उमेद



मूत्रपिंडे निकामी झाली, डायलिसिस सांगितले, की ‘आता संपले’ असे आपण समजतो. पण जयप्रकाश नारायणांचे उदाहरण पाहा. 1975 मध्ये स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाले. पुढे डायलिसिसच्या आधारावर जगत त्यांनी 1977 च्या निवडणुकीत प्रचार केला. 1979 पर्यंत ते जगले, ते देशाच्या चिंतेत. केवळ आजाराच्या नव्हे.

यंत्र रक्त गाळते, मूत्रपिंड बरे करीत नाही. म्हणून बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हे करावे लागते. बरे वाटते म्हणून पाळी चुकवली, तर फुप्फुसात पाणी साचते. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. पाणी, मीठ, फळे, इफ्तारचा खजूरसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आजाऱ्याला रोजाची सवलत कुराणशरीफनेच दिली आहे.

खर्चापायी उपचार सोडू नका. गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळावे म्हणून 2016 मध्ये केंद्र सरकारचा कार्यक्रम सुरू झाला. साताऱ्यात, सांगलीत सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा.

आणि एक विनंती. आजाऱ्याला एस.टी.ने नेण्या-आणण्यासाठी शिकत्या मुलीची शाळा बुडवू नका. भाऊ, चुलते, शेजारी यांनी वार वाटून घ्यावेत. आजाऱ्यालाही कोपऱ्यात बसवू नका. झेपेल ते काम द्या, घरच्या निर्णयात त्याचा सल्ला घ्या. यंत्र दिवस वाढवते. त्या दिवसांत जीव आपण ओतायचा आहे.