आडनाव एक, कुळे अनेक



होळ गावचे ते होळकर, हे इंदुरात कोणाला सांगावे लागत नाही. त्या होळकरांशी १८१८ साली मंदसौरला तह ठरवणारे जॉन माल्कम, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ, हे तिघेही स्कॉटलंडचे. तेव्हा त्यांच्याकडे आडनावे कशी आली, हे पाहण्याची आम्हाला उत्सुकता होती.

'क्लॅन' हा तिकडच्या गेलिक भाषेतला शब्द. मूळ अर्थ लेकरे. 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनल्ड हा डोनल्डचा वंशज, मॅकिन्टायर सुताराचा मुलगा. कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा! कोणा पूर्वजाला चिकटलेले टोपणनाव पुढे बड्या सरदार घराण्याचे नाव झाले. सदरलंड हे तर मुलखाचेच नाव, आपल्या 'कर'वाल्यांच्या जवळचे.

इथवर सोपे आहे. पण एक आडनाव म्हणजे एक रक्त, असे तिकडे मुळीच नाही. क्लॅनप्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली कुळे त्याचेच नाव लावीत. 'कूळ' हा शब्द आपण वंशालाही वापरतो आणि जमीन कसणाऱ्यालाही. स्कॉटलंडात हे दोन्ही अर्थ एकाच आडनावात मिसळले.

याउलट मॅकग्रेगरांचे झाले. १६०३ साली राजाज्ञेने त्यांचे आडनावच बंद केले. ते नाव सांगणाऱ्याला मृत्युदंड! माणसे कॅम्बेल, ग्रँट, मरे, ड्रमंड अशी मिळतील ती नावे घेऊन जगली. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आईचे कॅम्बेल नाव लावी. मधल्या काळात किती घरांनी घेतलेले नावच कायम ठेवले असेल, याचा हिशेब कोण देणार?

खुद्द ग्रँट डफ साताऱ्यात होते तेव्हा नुसते ग्रँट होते. १८२५ मध्ये आईकडची इस्टेट मिळाली आणि 'डफ' जोडले गेले. त्यांचा ग्रंथ आला १८२६ मध्ये. आपल्याकडे दत्तकाचे आडनाव बदलते, तसाच हा प्रकार.

दुकानात आडनाव सांगितले की 'तुमच्या क्लॅनचे' चौकड्यांचे कापड दाखवतात. ते हौसेने घ्यावे, पुरावा म्हणून नव्हे. प्रत्येक क्लॅनला ठरावीक चौकडा ही रूढी मुख्यतः १८२२ च्या राजा चौथ्या जॉर्जच्या एडिंबरो भेटीनंतर पक्की झाली. मानचिन्हांचेही तेच: कायद्याने ते एका व्यक्तीचे असते, आडनावाचे नसते.

मग शोध घ्यायचा कसा? आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे. १८५५ पासून तिथे जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची आहे. त्याआधी चर्चची दप्तरे. आम्हाला त्यातले सर्वांत मोलाचे वाटले ते असे, की मृत्यूच्या नोंदीत मृताच्या बापाबरोबर आईचेही नाव असते, तेही माहेरच्या आडनावासह. त्यामुळे आईकडची वाटही मागे नेता येते. आपल्या घरोघरच्या वंशावळींत सुनांची माहेरची आडनावे किती पिढ्यांपर्यंत लिहिलेली आहेत, ते आज घरी गेल्यावर जरूर काढून बघा. ती सांगू शकणाऱ्या आजी, मावशी, आत्या अजून आपल्यात बसल्या आहेत.