सुईच्या आधी बोट



अध्यक्ष म्हणून माझा एकच आग्रह आहे. जबड्याच्या जुनाट स्नायुदुखीत सुई टोचण्याआधी किंवा वीज लावण्याआधी आपली बोटं रुग्णाच्या गालावर आणि कानशिलावर नीट फिरली पाहिजेत.

मॅसेटर या चावण्याच्या स्नायूतल्या ट्रिगर पॉइंटची, म्हणजे दाबल्यावर दुखणाऱ्या घट्ट गाठीची, कळ दाढांत आणि कानात जाते, कानशिलावरच्या टेम्पोरॅलिसची वरच्या दातांत. म्हणून रुग्ण दात दुखतो म्हणत येतो. एक्स-रेत दात निर्दोष दिसतो, तरी रूट कॅनाल होतं, मग शेजारच्या दाताचं, शेवटी दाढच काढली जाते. कळ मात्र तशीच. हे थांबवणं आपल्या हातात आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेले निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष या दोन स्नायूंवर साधारण एक किलोचा दाब देऊन विचारायला सांगतात, ‘तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?’ या तपासणीला यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोच आपण देत नाही.

सुई आपल्याला परकी नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून आले. इथे पुण्यात वैद्य रा. ब. गोगटे यांनी विद्धकर्म हे आयुर्वेदातलं सुई टोचण्याचं तंत्र पुन्हा वापरात आणलं. ड्राय नीडलिंगचा उगम वेगळा. कारेल लेविट यांनी 1979 साली दाखवलं की कोणतंही औषध न सोडता नुसत्या सुईनेही स्नायूची वेदना उतरते. नेमक्या जागी सुई शिरली की स्नायू क्षणभर फडफडतो. पण मॅसेटरलगतच पॅरोटिड ग्रंथी आणि चेहऱ्याची नस आहे. शरीररचना पाठ नसलेल्या हाताने, दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या बळावर, तिथे सुई घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टेन्सबद्दल, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीज देणाऱ्या उपचाराबद्दल, मी अधिक सावध आहे. मेलझॅक आणि वॉल यांच्या 1965 च्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांताने त्याला आधार दिला, आणि यंत्र स्वस्त, घरीही वापरता येणारं. मात्र 2023 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी जबड्याच्या जुनाट वेदनेसाठी ॲक्युपंक्चरला सशर्त अनुकूलता दाखवली, टेन्सला सशर्त प्रतिकूलता. ठाम शिफारस मिळाली ती देखरेखीखालच्या व्यायामाला, हाताने केलेल्या ट्रिगर पॉइंट उपचाराला आणि वर्तनोपचाराला. टेन्सने बरं वाटणाऱ्या रुग्णाचं यंत्र काढून घ्या, असं मी म्हणत नाही. पण दहा बैठकांचं पॅकेज विकण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही, आणि पेसमेकर असलेल्या रुग्णाला तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावूच नये.

सुईने वेदना उतरली की जे थोडे दिवस मिळतात, त्यात रुग्णाला व्यायाम शिकवा. दात आवळण्याची सवय मोडायला मदत करा. ताण आणि झोप यांची चौकशी करा. हे न करता सुई पुन्हापुन्हा टोचत राहिलो, तर रुग्ण आपल्यावर अवलंबून राहतो, बरा होत नाही.

एक काम आजच सुरू करू. दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, ॲक्युपंक्चर करणारे आणि विद्धकर्म करणारे वैद्य, सगळ्यांनी एकच नोंदपत्रक वापरायचं. वेदना दहापैकी किती, तोंड किती मिलिमीटर उघडतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच दोन आकडे. गुण आला नाही, तर तेही त्याच पत्रकात लिहायचं. मसुदा सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी त्यावर आपल्या दुरुस्त्या लिहून द्याव्यात.