उभ्याने राबणाऱ्यांच्या पायांसाठी



वाशीच्या घाऊक बाजारात पोती वाहणारे माथाडी असोत वा रुग्णालयातील परिचारिका, उभ्याने राबणारी माणसे पायांवरील फुगलेल्या शिरांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त पायांत साचते, त्वचा काळवंडते आणि घोट्याजवळ चिघळणारी जखम होते. रोजगार बुडेल या भीतीने शस्त्रक्रिया लांबते.

अशा अनेकांना सोनोग्राफीच्या साहाय्याने दिले जाणारे इंजेक्शन उपयुक्त ठरते. पोलिडोकॅनॉलसारखे औषध हवेशी घुसळून फेस करण्याची सोपी पद्धत इटलीतील डॉ. तेस्सारी यांनी २००० साली प्रसिद्ध केली. पडद्यावर पाहत हा फेस सदोष शिरेत सोडला की ती आतून चिकटून बंद होते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

मात्र खोल शिरांत गुठळी नाही, याची डॉपलर तपासणीने खात्री केल्याविना आम्ही सुई उचलत नाही. बंद झालेली शीर पुन्हा उघडू शकते. म्हणून घट्ट मोजे व फेरतपासणी यांचा आम्ही आग्रह धरतो. हे मोजे रोजंदारीवरील रुग्णास महाग पडतात. आपल्या देणगीची खरी गरज तेथे आहे. आणि रुग्णांना आमची विनंती एवढीच, की जखम होण्यापूर्वी यावे.