आपल्या आवारातला कोबी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोबी घाटावरचा, पेणला काय होणार, असं मला पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यात तथ्य आहेच. कोबीला थंडी लागते आणि आपल्याकडे ती दीड-दोन महिने, तीही रात्रीपुरती. म्हणून सगळा प्रश्न जात निवडण्याचा आहे.

पुसा ड्रमहेडचे गड्डे मोठे, चपटे, तीन-चार किलोंचे. फोटोत छान दिसतात. पण लावणीनंतर तीन महिन्यांहून जास्त घेतात, तोवर फेब्रुवारीचं ऊन येतं. आपल्याला हवी लवकर येणारी गोल्डन एकर. लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांत किलो-सव्वा किलोचा गोल, घट्ट गड्डा. चौघांच्या घराला तेवढा पुरतो. मोठा अर्धा फ्रिजमध्येच सुकतो! घाण्या रोगाचा त्रास असेल, म्हणजे पानाच्या कडेपासून व्ही आकाराचे पिवळे डाग आणि काळ्या शिरा, तर पुसा मुक्ता बघा.

दसऱ्याला बी टाका, दिवाळीनंतर रोपं लावा, संक्रांतीला गड्डे तयार. दोन रोपांत दीड फूट अंतर. आपल्या बिल्डिंगखाली भरावाची माती आहे आणि पेणच्या खाडीकडची जमीन तर खारपट, म्हणून शेणखताचा वीतभर उंच वाफा करा. पाणी नेमाने द्या. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलं की गड्डा तडकतो. रोह्याला माझ्या माहेरी हा त्रास कमी, कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघराचं पाणी येतं. इथे आपण टाकीकडे बघत बसतो.

अळीसाठी लावणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेला मोहरी पेरा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा ओढा तिच्याकडे जास्त. तरीही अळी दिसली तर पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. नातवंडं पान तोडून तसंच तोंडात घालतात, तेव्हा विषारी औषध आवारात नकोच.

एक गोष्ट आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटली नाही. वालाचं बी त्या राखेत घोळून डब्यात ठेवायच्या, पुढच्या वर्षी तेच पेरायच्या, त्याच वालाची पोपटी व्हायची. कोबीचं तसं नाही. त्याला फुलावर यायला कडक थंडी लागते, म्हणून बी कुलू खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होतं. आपण ते दरवर्षी विकतच आणायचं. पुडीवरची तारीख तेवढी बघून घ्या.

मागच्या वीस फुटी पट्टीत पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव सर्वसाधारण सभेत येणार आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण त्याच पट्टीत सकाळचं ऊन येतं, दुसरीकडे नाही. निम्मी पट्टी सोडली तर बावीस रोपं बसतात, मी मोजली आहेत. सभेला या. रोपं माझ्याकडे आहेत, पहिल्या मजल्यावर, बेल वाजवा.