आवाजाची फॅट कोण मोजणार?

वरवंड, पाटस, यवत, चौफुला या आपल्या पट्ट्यात आता फोन लावणं म्हणजे बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करणं. मुलगा पुण्यात नोकरीला असो, लेक परदेशात असो, नाहीतर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांना दुखणं सांगायचं असो, सगळं बोलणं मोबाइलच्या डेटावर चालतं. आवाज तुटायला लागला, शब्द गिळले जायला लागले, की आपण काय करतो? स्पीड टेस्ट लावतो. आकडा येतो ३० एमबीपीएस, ४० एमबीपीएस. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, नेट तर चांगलं आहे, फोनच बिघडला असेल. इथंच आपली फसगत होते. मिळालेल्या मिनिटांत मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनदा-तीनदा सांगणार आहे: स्पीड हे बोलण्याचं माप नव्हे. जुन्या डिजिटल टेलिफोनच्या दर्जाचा आवाज पाठवायला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. त्यावरची पत्ते-वेष्टणं धरली तरी हिशेब शंभरच्या आसपासच राहतो, आणि आजची अ‍ॅप त्याहूनही कमीत भागवतात. म्हणजे ३० एमबीपीएस हा वेग गरजेच्या तीनशे पट झाला. तरीही आवाज तुटतो, याचा अर्थ खोट वेगात नाही, दुसरीकडे आहे.

आपल्याकडे घरोघरी दूध आहे, म्हणून दुधावरूनच सांगतो. संकलन केंद्रावर नुसते लिटर पाहून कुणी भाव देत नाही. फॅट लागते, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक लागतात, आणि दूध गाडी सुटायच्या आत पोचावं लागतं. स्पीड म्हणजे फक्त लिटर. आता कॉलमध्ये काय होतं पाहा. तुमच्या आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा ही एक किटली समजा. पन्नास किटल्या ठरल्या अंतरानं निघतात, पण वाटेत टॉवरवर रांग लागते. काही लवकर पोचतात, काही रखडतात, काही वाटेतच सांडतात. या मागंपुढं होण्याला जिटर म्हणतात. पलीकडचं अ‍ॅप गाडीसारखं थोडा वेळ थांबतं, पण सगळ्यांसाठी थांबत बसलं तर आधी आलेलं दूध नासायला लागतं, म्हणजे बोलण्यातला उशीर वाढतो. म्हणून ते ठरावीक वेळानं निघून जातं. त्यानंतर आलेली किटली भरलेली असली तरी उपयोगाची नाही. सिनेमा डाउनलोड करताना हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो, तुम्ही दहा सेकंद थांबता, बिघडत काही नाही. बोलताना तसं थांबता येत नाही. आणि स्पीड टेस्ट काय करते? रांग भरलेली ठेवून एकूण किती लिटर पोचलं ते मोठ्या आकड्यात सांगते. किटली किती उशिरा आली, हे त्या मोठ्या आकड्यात दिसतच नाही.

कुणी म्हणेल, आवाज स्पष्ट आहे ना, मग थोड्या उशिरानं काय बिघडतं? याचं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशाशी बोलणं उपग्रहावरून होऊ लागलं. तो उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि पलीकडचं उत्तर यायला आणखी पाव. आवाज स्वच्छ असला तरी अशा बोलण्यात दोघं एकदम सुरू होतात, दोघं एकदम थांबतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा सल्ला आहे, की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक बोलण्याला बाधा येत नाही, आणि जाळं आखताना ४०० च्या पुढं जाऊच नये. हे मुद्दाम सांगतो, कारण आवाजाला गुण देणाऱ्या यंत्रांतही एक उणीव आहे. पूर्वी माणसं बसवून, ऐकवून, एक ते पाच गुण घेत. त्याची सरासरी म्हणजे मीन ओपिनियन स्कोअर. पुढं २००१ साली पेस्क आणि २०११ साली पोल्क्वा या पद्धती आल्या. त्या पाठवलेला आवाज आणि पोचलेला आवाज शेजारी ठेवून गुण देतात. काम चोख आहे, पण त्या ऐकणं तपासतात, संवाद नाही. अर्ध्या सेकंदानं जसाच्या तसा पोचलेला आवाज त्यांच्याकडं चांगले गुण घेऊन जाईल. उशीर आणि गळती दोन्ही धरणारा ई-मॉडेल नावाचा हिशेब वेगळा आहे, शंभरातले गुण देणारा.

दुसरा आक्षेप असा, की दूरसंचार नियामक ट्राय हे सगळं मोजतंच. मोजतं, आणि ते काम मोलाचं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत उशीर, पॅकेटची गळती आणि जिटर हे शब्द आहेत, याचं मी मनापासून स्वागत करतो. पण निकाल सर्कलच्या, म्हणजे दूरसंचार विभागाच्या, सरासरीनं सांगितला, तर वरवंडच्या हाती काय लागतं? महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई वेगळी काढली आहे आणि गोवा धरलेला आहे. म्हणजे आपल्या वस्तीवरची किटली आणि पणजीची किटली एकाच टँकरमध्ये ओतून वरून नमुना घेतला. चांगल्यात वाईट मिसळलं, आकडा ठीक आला. पुन्हा, गाडीत यंत्र ठेवून चाचणी होते ती रस्त्यानं. पुणे-सोलापूर महामार्ग गावातून जातो, तिथं रेंज चांगली मिळायचीच. उसातल्या वस्तीवर, पत्र्याच्या छपराखाली, संध्याकाळी आठ वाजता काय होतं, ते त्या गाडीला कळत नाही. तिसरी बाब याहून महत्त्वाची. फोरजीवरून नंबर फिरवून केलेला साधा कॉल म्हणजे व्होल्टे. नेटवर्क त्याला राखीव वाट देतं. अ‍ॅपवरचा कॉल मात्र शेजाऱ्यांच्या रील आणि क्रिकेटच्या गर्दीतूनच जातो. म्हणून साध्या कॉलचा निकाल अ‍ॅपच्या कॉलला लावता येत नाही. ज्या कॉलवर घरं बोलतात, त्याची मोजणी त्याच वाटेनं व्हायला हवी.

एक गोष्ट सुटता कामा नये: दोन्ही बाजू मोजा. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, तुमचा फोन फोरजीवर साधारण पाव वॅटच्या आत. म्हणून पुष्कळदा तुम्हाला पलीकडचं स्वच्छ ऐकू येतं आणि तुमचं बोलणं पलीकडं पोचत नाही. आपण लेकीला म्हणतो, तुझाच फोन खराब आहे. तसं नसतं, पोरीला उगाच बोल लावू नका. डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानलं, की ही अर्धी बाजू पूर्ण झाकली जाते. काहीजण म्हणतील, कंपनीनं मोजावं, आम्ही का? पण दूध देताना काट्याकडं आणि फॅटच्या आकड्याकडं आपण डोळे लावून बसतोच ना? ते नजर ठेवणं इथंही करायचं. फोनवर पिंग मोजणारं साधं अ‍ॅप घ्या आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, संध्याकाळच्या गर्दीत, दहा मिनिटं चालू ठेवा. सरासरी पाहू नका, सगळ्यात मोठे आकडे किती आणि उत्तर न आलेले पिंग किती, ते पाहा. पिंग हा जाऊन-येऊन उशीर दाखवतो, तेव्हा एका बाजूचा साधारण निम्मा धरा. हेच घरात, अंगणात आणि रस्त्यावर करून पाहा. अशा दहा-वीस घरांच्या नोंदी ग्रामपंचायतीनं एकत्र करून तक्रारीला जोडल्या, तर "रेंज नाही" या दोन शब्दांपेक्षा त्यांना वजन येईल. ट्रायचं मायकॉल नावाचं अ‍ॅप २०१७ पासून आहे. त्यात कॉल संपल्यावर गुण देता येतात. घरच्या नोंदीत तारीख, वेळ, सिमची कंपनी, घरात होतात की बाहेर, आणि कुणाचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही, एवढं न चुकता लिहा. स्पीडचा आकडा लिहिला नाही तरी चालेल.